सत्ता कोणाची? हैदराबादचा प्रश्न आणि बीड जिल्हा

राज्य करण्याचा मूळ अधिकार कोणाचा? गादीवर बसलेल्या राजाचा, एखाद्या जमातीचा, की त्या मुलखात राहणाऱ्या सगळ्या माणसांचा? हैदराबाद संस्थानात १९३८ ते १९४८ ही दहा वर्षे झगडा चालला तो या एका प्रश्नावर. निजाम मीर उस्मान अली खान म्हणत होता की सार्वभौमत्व त्याच्या घराण्याचे आहे. इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना म्हणत होती की ते मुसलमान समाजाचे आहे आणि निजाम त्याचे प्रतीक आहे. स्टेट काँग्रेस म्हणत होती की ते रयतेचे आहे. तिघांनीही आपापले म्हणणे तत्त्व म्हणूनच मांडले आणि त्याला कायद्याचा, धर्माचा किंवा नीतीचा टेकू शोधला. हा झगडा अखेरीस पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला. त्याचा एक महत्त्वाचा धागा मात्र बीड जिल्ह्यातल्या आंबेजोगाईच्या एका शाळेत विणला गेला होता.

हैदराबाद हे हिंदुस्थानातले सर्वांत मोठ्या लोकवस्तीचे संस्थान. १९४१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर भरली. त्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषकांचे. बीड जिल्ह्याची पश्चिम हद्द नगर जिल्ह्याला, म्हणजे ब्रिटिश मुलखाला, भिडलेली होती. आष्टी किंवा पाटोदा तालुक्यातला माणूस बाजारासाठी नगरकडे निघाला की वाटेत करोडगिरीचा नाका लागे. तिथे मालावर जकात भरावी लागे आणि पलीकडे गेल्यावर खिशातला हाली रुपया चालेनासा होई. सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश, रुपयांना साधारण सात हाली असा भाव असे. टपालाची तिकिटे निराळी, रेल्वे निराळी, कचेरीतल्या कागदावरची तारीखही फसली सनातली. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार म्हणून ओळखला जाई आणि कारभार उर्दूत चाले. ज्या आंबेजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे, त्या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते आणि तिथल्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागे.

सभा भरवायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी. सभाबंदीचा ५३ क्रमांकाचा हुकूम, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘गश्ती ५३’, हा या कारभाराचा नमुना होता. त्यात विशिष्ट मताला बंदी नव्हती. आधी विचारल्याशिवाय कोणतेही मत जाहीरपणे मांडायचे नाही, एवढेच त्यात होते, आणि तेवढे पुरेसे होते. रयतेला हक्क नसतात, तिला सवलती असतात, हे या राज्याचे न लिहिलेले तत्त्व त्या हुकमात उघडे पडते.

निजामाचे स्वतःचे सार्वभौमत्वही तसे पोकळच होते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने देऊन टाकावे लागले. उस्मान अली खानाने वऱ्हाड परत मागताना आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहोत, असा सूर लावला. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने त्याचा हा दावा साफ मोडून काढला. हिंदुस्थानात ब्रिटिश बादशाही सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करता येणार नाहीत, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे बावीस वर्षांनी हैदराबादचे शिष्टमंडळ आपले राज्य स्वतंत्र आहे असे जगाला सांगू लागले, तेव्हा या पत्राची सावली त्या दाव्यावर होतीच.

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, १९३५ मध्ये आंबेजोगाईला आले. त्याआधी दिल्लीत ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी कामगार चळवळीत काम केले होते आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा चालवली होती. मधल्या काळात त्यांनी संन्यास घेतला. भगवी वस्त्रे घातलेला हा संन्यासी आंबेजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचा मुख्याध्यापक झाला. हिप्परग्यापासूनचे सहकारी बाबासाहेब परांजपे यांचीही त्यांना इथे साथ होती. मराठीतून शिकवणारी शाळा नीट चालवणे हेच त्या काळी हैदराबादेत राजकीय काम ठरत असे, कारण उस्मानिया विद्यापीठापासून खालपर्यंत शिक्षणाची भाषा म्हणून उर्दूच पुढे रेटली जात होती. या शाळेतून जिल्ह्याला आणि मराठवाड्याला कार्यकर्ते मिळाले. स्वामीजींचे मोठेपण त्यांच्या संन्यासात जेवढे आहे तेवढेच या शाळामास्तरकीत आहे. हक्क ही काय वस्तू आहे हे ज्यांना कोणी सांगितलेच नव्हते, अशा पिढीला ते तिच्या भाषेत समजावून सांगण्याचे काम त्यांनी आधी केले आणि लढ्याची हाक नंतर दिली.

मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरवले. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचे ठरले, पण संघटना रीतसर उभी राहण्याच्या आतच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरच्या अखेरीस सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी शाळा सोडली, सत्याग्रह केला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू होते. त्यांच्या मागण्या धार्मिक स्वातंत्र्याच्या आणि हिंदूंच्या हक्कांच्या होत्या. स्टेट काँग्रेसची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला बांधील असलेल्या मंत्रिमंडळाची. लोकांच्या नजरेत आणि सरकारच्या प्रचारात हे तिन्ही लढे एकच होऊ लागले. गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. तरुण कार्यकर्त्यांना हा निर्णय जड गेला. माणसे तुरुंगात जायला तयार असताना माघार घ्यायची हे पटणे कठीणच होते. तरीही त्या निर्णयाचे महत्त्व कमी लेखता येत नाही. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नाही, हे सांगण्यासाठी संघटनेने हातातला जोर सोडून दिला. तत्त्वाची किंमत अशी रोख मोजल्याची उदाहरणे या सगळ्या इतिहासात थोडीच आहेत. दहा वर्षांनी तेच तत्त्व पुन्हा कसोटीला लागले, तेव्हा निकाल इतका स्वच्छ लागला नाही.

सरकारने १९३९ च्या जुलैमध्ये सुधारणांची योजना जाहीर केली. तिच्यात धंदे आणि हितसंबंध यांनुसार प्रतिनिधित्व होते आणि हिंदू व मुसलमान यांच्या जागा सारख्या होत्या. मुसलमानांचे प्रमाण संस्थानात सुमारे १३ टक्के होते. विधिमंडळाला खरे अधिकारही नव्हते. काँग्रेसने योजना नाकारली. इत्तेहादचे नेते बहादूर यार जंग यांनी याच काळात ‘अनल मलिक’ ही कल्पना पुढे आणली: मी सत्ताधीश आहे, हे हैदराबादेतल्या प्रत्येक मुसलमानाने म्हणावे. बिडीच्या कारखान्यात राबणारा किंवा हातमागावर बसणारा गरीब मुसलमान खरोखर कोणत्याही अर्थाने सत्ताधीश नव्हता. त्याला सत्तेचा मान देऊन सत्तेचा वाटा मात्र न देणारी ही विचारसरणी होती आणि १९४८ मध्ये तिची जबर किंमत त्यालाच मोजावी लागली. बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले. पुढे संघटनेची सूत्रे लातूरचा वकील कासीम रझवी याच्याकडे आली आणि रझाकार ही तिची सशस्त्र फौज झाली.

इंग्रज निघायला लागल्यावर कायद्याचा पेच उभा राहिला. कॅबिनेट मिशनने मे १९४६ मध्येच सांगून टाकले होते की संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता नव्या सरकारांकडे सोपवली जाणार नाही. ती संपुष्टात येईल. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याच्या सातव्या कलमाने तेच पक्के केले. यावरून निजामाने सरळ निष्कर्ष काढला: वरची सत्ता गेली म्हणजे खालची सत्ता पूर्ण झाली. जून १९४७ मध्ये त्याने फर्मान काढून आपण हिंदुस्थान आणि पाकिस्तान या दोहोंतल्या कोणत्याही संविधान सभेत प्रतिनिधी पाठवणार नाही आणि इंग्रज गेल्यावर स्वतंत्र होणार असल्याचे जाहीर केले.

कायद्याच्या अक्षरावर पाहिले तर या युक्तिवादात जोर होता, हे मान्य करायला हवे. त्याला सर्वांत नेमके उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. जून १९४७ मधल्या त्यांच्या निवेदनात त्यांनी अधिसत्ता संपुष्टात येते या मूळ गृहीतालाच हात घातला. राजमुकुट आपले अधिकार मंत्र्यांच्या सल्ल्याने वापरतो; हिंदुस्थान वसाहतीचे स्वराज्य झाल्यावर तो सल्ला देण्याचा अधिकार हिंदी मंत्रिमंडळाचा होतो; मग अधिसत्ता हवेत विरून जाण्याचे कारण नाही, अशी त्यांची मांडणी होती. संयुक्त राष्ट्रे आपल्याला वाचवतील या आशेवर राहू नये, असेही त्यांनी संस्थानिकांना बजावले. राज्यात जबाबदार राज्यपद्धती आणल्याशिवाय त्या संस्थेकडून मदत मिळणार नाही, हे त्यांचे कारण. कायदा आणि लोकशाही यांना एकत्र बांधणारे ते निवेदन आजही मुळातून वाचण्यासारखे आहे.

स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ मध्ये उठली होती. जून १९४७ मध्ये सोलापूरला तिचे अधिवेशन झाले आणि स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भारतात विलीन होण्याची आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी एकत्र जोडली गेली. ही जोडणी नीट लक्षात घ्यावी. नुसते विलीनीकरण मागितले असते, तर तो दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातला सौदा ठरला असता. संस्थान कुठे जायचे हे रयतेने ठरवायचे आणि ठरवण्याइतकी सत्ता तिच्या हातात द्यायची, असा त्या मागणीचा अर्थ होता. ७ ऑगस्टला ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली.

त्यानंतरचे वर्ष मराठवाड्याच्या सरहद्दीवरच्या गावांना फार कठीण गेले. लोकांनी शिंदीची झाडे तोडली, कारण ताडी-शिंदीच्या महसुलावर राज्याची तिजोरी भरत असे. पटवाऱ्यांची दप्तरे जाळली गेली. वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. दुसरीकडे रझाकारांच्या टोळ्या गावे लुटत होत्या आणि माणसे मारत होत्या. बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागातली कुटुंबे हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात आसऱ्याला गेली. हद्दीपलीकडच्या तळांवरून कार्यकर्ते परत येऊन नाके आणि पोलीस चौक्या यांच्यावर हल्ले करू लागले. अहिंसेने सुरू झालेला लढा इथे शस्त्राला येऊन पोचला होता. स्टेट काँग्रेसच्या कृती समितीचे काम दिगंबरराव बिंदू पाहत होते. स्वामीजी जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले होते आणि सप्टेंबरपर्यंत तिथेच राहिले. नांदेड जिल्ह्यात उमरी येथील बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटण्यात आली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. उमरीच्या पैशाचा हिशेब ठेवला गेला ही गोष्ट मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. साधने बदलली तरी आपण दरोडेखोर नाही, लोकांना जबाब देणारे आहोत, ही जाण कार्यकर्त्यांनी त्या हिशेबात जपली होती.

कागदावर या काळात शांतता होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे करार’ झाला होता. संरक्षण, दळणवळण, परराष्ट्र व्यवहार यांची जुनी व्यवस्था तशीच चालू ठेवायची, दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमायचे, वाद झाला तर प्रत्येक बाजूने एक लवाद आणि त्यांनी निवडलेला एक पंच यांच्याकडे तो सोपवायचा, असे त्यात होते. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला गेले. करार झाल्यावर थोड्याच दिवसांत हैदराबादने भारतीय चलनावर निर्बंध घातले आणि भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपये पाकिस्तानला कर्जाऊ दिले. हा करारभंग आहे, असे भारताने म्हटले. भारताने संस्थानाची आर्थिक कोंडी केली. हाही करारभंग आहे, असे हैदराबादने म्हटले. लवादाचे कलम दोन्ही बाजूंच्या हाताशी होते, पण लवाद कधी बसलाच नाही. करार पाळण्याचे तत्त्व प्रत्येकाने दुसऱ्याला ऐकवण्यापुरते वापरले, असाच त्या पत्रव्यवहाराचा ठसा उमटतो.

तोडग्याची शेवटची खरी संधी जून १९४८ मध्ये आली. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन भारत सोडून जाण्यापूर्वी तयार झालेल्या मसुद्यात विलीनीकरणावर सार्वमत घेण्याची आणि जबाबदार सरकार आणण्याची तरतूद होती. निजामाने तो स्वीकारला नाही. सरकार तोवर पंतप्रधान मीर लायक अली आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या रझवीच्या कह्यात गेले होते.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. त्याच रात्री हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान घरी परतत असताना त्याच्यावर हल्ला झाला आणि त्यात त्याचा अंत झाला. भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा, असे तो लिहीत होता. या दोन घटना एका दिवशी घडाव्यात हा योगायोग असेल, पण त्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हैदराबादचा दावा समजत नाही. राष्ट्रांच्या दरबारात जे सरकार स्वयंनिर्णयाचा हक्क मागत होते, त्याच्या राजधानीत एका मुसलमान संपादकाला आपले मत लिहिण्याचा हक्क नव्हता.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरकडून निघाली आणि दुसऱ्या तुकड्या औरंगाबाद-जालन्याच्या बाजूने आल्या. मोमिनाबादला संस्थानच्या गोवळकोंडा लान्सर्सची तुकडी होती. तिने नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे खाली ठेवली. ज्या गावातल्या शाळेत तेरा वर्षांपूर्वी मुलांना नागरिकत्वाचे धडे मिळू लागले होते, तिथली निजामी छावणी अशा रीतीने काही तासांत संपली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. सरकारी भाषेत या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले. आपल्याच देशातल्या कायदा-सुव्यवस्थेचा हा प्रश्न आहे, दोन राष्ट्रांमधले युद्ध नाही, ही भारताची कायदेशीर भूमिका त्या शब्दांत होती.

पॅरिसमध्ये नेमका हाच मुद्दा लढवला जात होता. १६ सप्टेंबरला सुरक्षा परिषद बसली. सनदेच्या ३५ व्या कलमानुसार सदस्य नसलेल्या राष्ट्रालाही तक्रार आणता येते, पण ते ‘राष्ट्र’ असावे लागते. हैदराबादच्या बाजूने मोईन नवाज जंग यांनी बाजू मांडली. भारताचे रामस्वामी मुदलियार यांचे म्हणणे असे की हैदराबाद कधीच स्वतंत्र राष्ट्र नव्हते, त्यामुळे त्याला इथे उभे राहण्याचाच अधिकार नाही. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याच्या बाजूने आठ मते पडली. सोव्हिएत संघ, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. आधी विषय घेऊ, अधिकाराचा निवाडा मागाहून करू, असा बहुतेकांचा कल दिसला.

या ठिकाणी भारताचीही अडचण होती आणि ती झाकून चालणार नाही. काश्मीरचा प्रश्न भारताने स्वतःच जानेवारी १९४८ मध्ये याच परिषदेपुढे नेला होता. जुनागढमध्ये नवाबाने पाकिस्तानात जाण्याचे ठरवले, तेव्हा भारताने राजाच्या सहीपेक्षा लोकांचे मत वरचढ मानले आणि सार्वमत घेतले. काश्मीरमध्ये राजाच्या सहीचा आधार होता आणि सोबत लोकांना विचारण्याचे वचनही. हैदराबादेत राजाची सहीच नव्हती. तिन्ही ठिकाणी टिकणारा एकच समान धागा काढायचा तर तो रयतेच्या इच्छेचाच निघतो. म्हणून स्वामीजींच्या माणसांनी दहा वर्षांत तुरुंगात काढलेले दिवस पॅरिसमधल्या कायद्याच्या किसापेक्षा भारताच्या बाजूचा अधिक बळकट पुरावा होते.

शरणागतीनंतर निजामाने तार करून तक्रार मागे घेतली. शिष्टमंडळाच्या अधिकाराबद्दल शंका उभी राहिली. मे १९४९ मध्ये पाकिस्तानतर्फे जफरुल्ला खान यांनी परिषदेत पुन्हा बाजू मांडली, पण निर्णय झाला नाही. राष्ट्र कोणाला म्हणावे या प्रश्नाचे उत्तर परिषदेने दिलेच नाही आणि ‘हैदराबादचा प्रश्न’ तिच्या प्रलंबित विषयांच्या यादीत पुढे कितीतरी वर्षे राहिला.

गावोगावी मात्र त्या सप्टेंबरात आणि पुढच्या काही आठवड्यांत जे घडले, ते प्रलंबित नव्हते. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड सामान्य मुसलमान रयतेवर उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशी कुटुंबेही मारली गेली, लुटली गेली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून पाहणी केली. मृतांची एकूण संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत झाली होती. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक. या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार माणसे मारली गेली, असे समितीने नोंदवले. शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्यांच्याही नोंदी त्या अहवालात आहेत. हिंदू विणकरांनी आपल्याबरोबर काम करणाऱ्या मुसलमान विणकरांना पाठीशी घातल्याचे त्यात आढळते.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो प्रसिद्ध झाला नाही आणि सर्वांना पाहण्यासाठी खुला व्हायला २०१३ साल उजाडले. रझाकारांनी केलेल्या हत्यांची आठवण मराठवाड्याने जपली आणि ती जपलीच पाहिजे. पण १९३८ मध्ये ज्या चळवळीने आपला लढा कोणत्याही धर्माविरुद्ध नाही हे दाखवण्यासाठी सत्याग्रह मागे घेतला, तिच्या वारशात बीडमधल्या या मृतांनाही जागा असायला हवी होती. सहा दशके त्यांच्याविषयी मौन पाळले गेले, ही त्या वारशातली मोठी उणीव आहे.

कायद्याच्या बाजूने नव्या राज्याची परीक्षा रझवीच्या खटल्यात झाली. बीबीनगर येथे जानेवारी १९४८ मध्ये झालेल्या हल्ल्याच्या आणि लुटीच्या प्रकरणात पोलीस कारवाईनंतर आलेल्या लष्करी राजवटीने नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणापुढे त्याच्यावर खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. या न्यायाधिकरणाची खास पद्धत आपल्याला समान वागणूक नाकारते, असा दावा घेऊन रझवी सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याने आधार घेतला तो राज्यघटनेच्या १४ व्या कलमाचा. सर्व माणसे कायद्यापुढे समान आहेत, हे तत्त्व ज्याने उघडपणे धुडकावले होते, त्याला तेच तत्त्व न्यायालयात मागता आले आणि न्यायालयाने ते मनावर घेऊन तपासले. १९५३ मध्ये बहुमताने निकाल त्याच्याविरुद्ध गेला: प्रत्यक्षात त्याला नेहमीच्या पद्धतीच्या जवळपास सर्व संधी मिळाल्या होत्या, असे न्यायाधीशांच्या बहुमताचे म्हणणे पडले. न्यायपीठ एकमताचे नव्हते, ही गोष्टही मोलाची आहे. ज्याच्या नावाने मराठवाड्यातली गावे थरथरत होती त्याच्या हक्कांविषयी देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशांत मतभेद होऊ शकला. रझवी १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

दरम्यान राज्याची चौकट बदलत होती. फेब्रुवारी १९४९ मध्ये निजामाची खासगी जहागीर, सर्फ-ए-खास, सरकारजमा झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जहागिरी बरखास्त करणारा कायदा आला. १९५० च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल असे जाहीर केले आणि त्या फर्मानात लोकप्रतिनिधींच्या मान्यतेचाही उल्लेख आला. दोन वर्षांपूर्वी स्वातंत्र्याचे फर्मान काढताना रयतेच्या मान्यतेची गरज त्याला भासली नव्हती. तो आता राजप्रमुख, म्हणजे राज्याचा घटनात्मक प्रमुख, झाला.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ मध्ये झाली. प्रौढ मतदानाचा हक्क बीड जिल्ह्यातल्या स्त्री-पुरुषांना प्रथमच मिळाला. लढ्याचे नेतृत्व केलेली काँग्रेस इथे जिंकेल असे धरून चालणे स्वाभाविक होते. पण स्टेट काँग्रेसमध्ये आधीच फूट पडली होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे कार्यकर्ते बाहेर पडले होते. बाबासाहेब परांजपे त्यांच्यातलेच. बीडच्या मतदारांनी लोकसभेवर पाठवले ते डाव्यांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे उमेदवार रामचंद्र गोविंद, म्हणजेच बाबासाहेब, परांजपे यांना. स्वामीजी काँग्रेसतर्फे गुलबर्ग्यातून निवडून आले. आंबेजोगाईच्या शाळेतले दोन सहकारी लोकसभेत समोरासमोरच्या बाकांवर बसले.

हैदराबादचे भाषावार विभाजन व्हावे, असा आग्रह स्वामीजींनी धरला होता. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने विभाजनाचीच शिफारस केली. त्याआधी, सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठी भाषकांच्या एका राज्यात मराठवाड्याला निधीचा आणि नोकऱ्यांचा न्याय्य वाटा देण्याचे कबूल झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले, राजप्रमुखपद रद्द झाले आणि बीड जिल्हा मुंबई राज्यात सामील झाला.